तापाची परीक्षा

सोन्याची पारख अग्नींत आणि माणसाची संकटांत, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. तें कितपत खरें, हा प्रश्न आम्हांस नुकताच एका अनपेक्षित ठिकाणीं पडला. घरच्या संगणकाचा प्रोसेसर पूर्ण ताणाखालीं टिकतो कीं नाहीं, हें आमचे चिरंजीव पाहत होते, आणि आम्ही शेजारीं बसून तापमानाचा आंकडा वाचीत होतों.

या कामीं पुष्कळ लोक 'प्राइम ९५' हा प्रोग्राम वापरतात. तो १९९६ सालापासून मर्सेन जातीच्या प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठीं वापरला जातो. पण प्रोसेसरला अखंड कठीण गणित घालून त्याची कसोटी घेण्याचीही त्यांत सोय आहे. प्रोसेसर जी वीज खातो, तिची अखेर उष्णताच होते. आंकडा झरझर चढला व १०० अंशांशीं येऊन स्थिरावला. "उत्तम! आतां पुढें तापत नाहीं," असें आम्ही म्हणालों. चिरंजीव हंसून म्हणाले, "बाबा, वेग पाहा." वेग बराच उतरला होता. मर्यादा गांठतांच जळून जाऊं नये म्हणून प्रोसेसर आपली गति आपणच आवरतो. आम्हांस जें सामर्थ्य वाटलें, ती माघार होती.

बरें, अधिक तापला तो वाईट, असेंही नाहीं. २०२२ सालीं निघालेले रायझन ७००० जातीचे कांहीं प्रोसेसर पूर्ण भाराखालीं ९५ अंशांपर्यंत जावेत अशाच बेतानें केलेले आहेत. शिवाय खोलीची हवा, पंखा आणि उष्णता वाहून नेणारी धातूची बैठक यांचाही त्या आंकड्यांत वांटा असतो. तो प्रोग्राम स्वतः तापमान विचारीतच नाहीं. आलेलें उत्तर ठाऊक असलेल्या उत्तराशीं जुळतें कीं नाहीं, एवढेंच तो पाहतो.

हें ऐकून आम्ही मनांतून ओशाळलों. इतकीं वर्षें वर्गांत प्रश्न विचारतांच जो विद्यार्थी लाल होई, अडखळे, त्यास आम्ही कच्चा समजलों. जो शांत राही, त्यास पक्का. पहिल्याचें उत्तर अडखळत कां होईना, बरोबर होतें काय, आणि दुसऱ्याची शांति अर्धा प्रश्न सोडून दिल्यामुळें तर नव्हती ना, हें आम्हीं कितीदां पाहिलें? त्याच्या खोलींत वारा येत होता कीं नाहीं, हें तर कधींच विचारलें नाहीं.

संकटांत माणसाची मर्यादा कळते. त्याचा स्वभाव कळतोच असें नाहीं. आणि मर्यादा ओळखून जो हात आंखडता घेतो, पण खोटें उत्तर देत नाहीं, त्यास दुबळा म्हणण्याचा अधिकार परीक्षकास नाहीं. अग्नि किती द्यावा, हें सोनाराला कळावें लागतें. तें ज्याला कळत नाहीं, त्यानें सोनें हिणकस निघालें म्हणून तक्रार करूं नये.