कुणी बिघडवलं, की काय बिघडलं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या गुरुवारचं चिंतन पोथीतलं नाही, स्वयंपाकघरातलं आहे. विषय आहे मिक्सर. वाचून हसू येईल, पण शेवटपर्यंत वाचा. यात आम्हा स्वयंपाक-सेवेतल्या बायकांची चूक आहे आणि ती आम्ही आपल्या सगळ्यांसमोर ठेवतो आहोत.

गुरुपौर्णिमेच्या प्रसादाला वाटली डाळ करायची होती. इंदूरला त्या आठवड्यात पाऊस लागून राहिलेला. नळाला एक दिवसाआड पाणी, त्यामुळे सकाळची कामं आधीच उशिरा सुरू झालेली. भिजवलेली पाच किलो चणाडाळ आणि आपल्या केंद्राचा एकच मोठा मिक्सर. सेवेला नव्याने येऊ लागलेली एक तरुण भगिनी आम्ही मिक्सरपाशी बसवली. लग्न होऊन आलेली, शहरात ओळखीचं कुणी नाही. आम्ही भांडी भरून देत होतो, ती फिरवत होती.

तिसऱ्या-चौथ्या भांड्याला ती म्हणाली, "काकू, डाळ जास्त होतेय, थोडी कमी घालू का? बाजूने गरम लागतंय." आम्ही म्हटलं, "अगं, असं करत बसलीस तर आरतीपर्यंत होणार नाही. फिरव." वाटल्या डाळीत पाणी घालायचं नाही, म्हणून कोरडीच डाळ काठोकाठ भरत होतो. पुढच्या भांड्याला मिक्सर घुंई करून थांबला तो थांबलाच.

आणि आमच्या तोंडून पहिलं वाक्य काय निघालं? "काय केलंस ग?"

मग एकीनं म्हटलं, नवीन मुलींना मशीनची किंमत नसते. दुसरी म्हणाली, केंद्राची वस्तू जपून वापरावी. ती काही बोलली नाही. हात धुतले, आरतीला मागे उभी राहिली आणि प्रसाद न घेताच गेली. पुढच्या गुरुवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मिक्सर आम्ही दुकानात नेला. मोटर जळाली असणार, दोन-अडीच हजारांचा खर्च येणार, असं धरूनच निघालो होतो. कारागिराने तो उलटा केला, खालचं लाल बटण दाबलं आणि चालू करून दाखवला. म्हणाला, "आंटीजी, कुछ नहीं बिगड़ा। लोड ज़्यादा हो गया था, इसने खुद को बचा लिया।" पैसेही घेतले नाहीत.

आम्ही रिक्षात बसलो आणि बराच वेळ कुणी कुणाशी बोललं नाही.

भगिनींनो, हे लाल बटण काय असतं ते आधी नीट समजून घेऊ, कारण आपल्यापैकी पुष्कळ जणींना ते आपल्याच मिक्सरखाली आहे हे माहीत नाही. भांड्यात माल जास्त झाला किंवा फार घट्ट झाला की पातं अडतं. पातं अडलं की मोटर जास्त वीज खेचते आणि तापते. ती जळण्याआधी हे बटण आपण होऊन बाहेर येतं आणि वीज तोडतं. म्हणजे मिक्सर थांबला तो बिघडला म्हणून नव्हे, बिघडू नये म्हणून. अशा वेळी खटका शून्यावर आणायचा, प्लग काढायचा, भांडं उतरवून निम्मं रिकामं करायचं, दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्यायचं आणि मग बटण दाबायचं. मोटर गरम असताना दाबलं तर बटण बसत नाही, कितीही जोर लावा.

आता त्या दिवसाकडे पुन्हा बघा. "डाळ जास्त होतेय" असं ती मुलगी आधीच म्हणाली होती. मशीनच्या आधी तिनेच सांगितलं होतं. आपल्या घरातही असं एक माणूस असतं, जे म्हणतं, आता पुरे, झेपत नाही. कधी सून असते, कधी म्हातारे सासरे असतात, कधी दहावीतलं पोर. त्यांना आपण कुरकुर करणारे म्हणतो. मेन स्विचचा फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे लोक आपण पाहिलेत ना? फ्यूज उडणं थांबतं खरं, पण मग भिंतीतली वायर जळते. सांगणाऱ्याला गप्प केलं म्हणून त्रास संपत नाही, तो आत जातो.

कारागिराची आणखी एक गोष्ट आमच्या मनात राहिली. त्याने हे कुणी केलं असं एकदाही विचारलं नाही. काय होत होतं तेव्हा, एवढंच विचारलं. आवाज येत होता का? वास आला का? किती वेळ चालला? चांगला कारागीर *कुणी* वरून सुरुवात करत नाही, *काय* वरून करतो. गुरुमाउलींनी आपल्याला आत पाहायला शिकवलं, ते हेच असावं. एवढी वर्षं पारायणं करून आम्हाला जे जमलं नाही, ते एका दुकानदाराने दोन मिनिटांत करून दाखवलं.

दोष शोधायची रीत मशीनलाही तीच आणि मनालाही तीच. आम्हाला उमगली तशी सांगतो.

*आधी सोपं बघावं.* एखादं यंत्र चालत नसेल तर प्रथम प्लग नीट बसलाय का, बोर्डाचं बटण चालू आहे का, एमसीबी पडलाय का ते पाहावं. फ्रिज गार करत नाही म्हणून गॅस संपला असं म्हणण्याआधी दाराचं रबर बघा. दारात कागद धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर रबर सैल आहे आणि गारवा तिथून जातोय. कधी नुसतं कोमट पाण्याने पुसलं तरी रबर पुन्हा चिकटतं. घरातलं माणूस चिडलं की आपण त्याच्या स्वभावावर जातो. ते जेवलंय का, झोपलंय का, हे आधी विचारावं.

*आवाज ऐकावा.* मोटर फिरतेय पण पातं फिरत नाही, तर मोटर चांगली आहे, भांड्याखालचा कपलर झिजलाय. तो थोड्या पैशांत मिळतो. म्हणजे ताकद आहे, जोड सुटलाय. किती घरांत असंच असतं! प्रेम असतं, पण ते पोचत नाही.

*अडलेलं काढावं.* वॉशिंग मशीनमधून पाणी जात नाही म्हणून नवा पंप घ्यायला निघालेल्या आमच्यातल्या एकीच्या फिल्टरमध्ये एक नाणं, दोन हेअरपिना आणि शर्टाचं बटण निघालं. वर्षभर उघडलाच नव्हता. मनाचा फिल्टर रोज रात्री दिवा लावल्यावर उघडायचा, हे आपण जाणतो. उघडतो का, ते ज्याने त्याने बघावं.

*आपलं नाही ते उघडू नये.* गीझरच्या पाण्याला झिणझिण्या आल्या तर नळ सोडा, मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. "थोडंसंच लागतं" म्हणून आंघोळ उरकू नका, यात जीव जातो. अर्थिंग नीट आहे का, तेही त्याच्याकडून बघून घ्या. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन लांब असते ती उगाच नाही. ती सगळ्यांत आधी जोडली जाते आणि सगळ्यांत शेवटी सुटते, म्हणजे वीज येण्याआधी आधार आलेला असतो. आणि मायक्रोवेव्ह घरी कधीच उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. काही माणसांचं दुःखही तसंच असतं. वरून सगळं बंद दिसतं, आत साठा असतो. तिथे आपल्या उपदेशाचा स्क्रूड्रायव्हर घालू नये. डॉक्टरांकडे न्यावं, सोबत बसावं आणि नाम घ्यावं.

आता त्या भगिनीचं सांगतो.

दुकानातून आल्या आल्या आम्ही तिला फोन केला. "अगं, मिक्सर चांगला आहे, तुझी काही चूक नव्हती, ये ग गुरुवारी." ती "हो काकू" म्हणाली आणि आली नाही. आम्हाला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडा रागही आला. माफी मागितली की, अजून काय हवं? मग आमच्यातलीच एक म्हणाली, "मोटर गरम असताना आपण बटण दाबतोय."

काही दिवस थांबलो. मग आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. ती बोलली ते इथे लिहायला तिने परवानगी दिली आहे. ती म्हणाली, "काकू, मशीन बिघडलं असतं तर मी भरून दिलं असतं. मी आधी सांगितलं होतं, ते एकीलाही आठवलं नाही, याचं वाईट वाटलं."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही म्हटलं, "डाळ आम्हीच भरली होती." तेवढंच खरं होतं आणि तेवढंच आधी म्हणायला हवं होतं. "तुझी चूक नव्हती" आणि "चूक आमची होती" ही दोन वाक्यं एक नाहीत.

गेल्या गुरुवारी ती आली होती. मागच्या रांगेत बसली, आरती झाल्यावर प्रसाद घेतला आणि गेली. स्वयंपाकघरात अजून आलेली नाही. आम्ही बोलावलं नाही. तिचं तिला वाटेल तेव्हा ती येईल. तोवर मिक्सरपाशी आम्ही पाळीने बसतो आणि भांडं निम्मंच भरतो. वेळ लागतो, पण आरतीला उशीर झालेला नाही.

*या आठवड्याचा संकल्प:* आपल्या घरचा मिक्सर प्लग काढून उलटा करून ते बटण कुठे आहे बघून ठेवा. आणि घरात काही बिघडलं, सांडलं, फुटलं, तर तोंडातून "कुणी केलं?" निघण्याआधी एकदा नाम घ्या आणि "काय झालं?" असं विचारा. सात दिवस करून बघा. जमलं नाही तर तेही पुढच्या गुरुवारी मोकळेपणी सांगा, आम्हालाही रोज जमत नाही.

चुकलं-माकलं गुरुमाउलींच्या चरणी अर्पण.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥

— स्वयंपाक-सेवा भगिनी मंडळ 🙏