हाती उरले ते साधन

संतोष म्हणजे थोडक्यात भागविणे, असा अर्थ सामान्यतः घेतला जातो. दोन भाकरींच्या जागी एकीवर तृप्त होणारा मनुष्य लोकांत संतोषी ठरतो. श्रीसर्वज्ञांच्या मार्गात या गुणाचा विचार याहून खोल आहे आणि तो न उमगल्याने साधकाची मोठी हानी होते. वासनिक म्हणतो, शेतीचे कर्ज फिटू दे, लेकीचे लग्न होऊ दे, मग स्वस्थ चित्ताने स्मरणास बसेन. भिक्षुक म्हणतो, सन्निधानाच्या काळी जन्म असता तर काही घडले असते. या असन्निधानात काय घडणार! एकाची दृष्टी पुढे, दुसऱ्याची मागे, आणि हाती आलेला मनुष्यदेह तसाच व्यर्थ जातो.

असन्निधानाचे दुःख भटोबासांहून अधिक कोणास ठाऊक असणार? श्रीचक्रधरस्वामींनी उत्तरापंथे गमन केले. त्यांच्या आज्ञेप्रमाणे भटोबास रिद्धपुरास श्रीप्रभूंच्या सन्निधानी राहिले. पुढे श्रीप्रभूंचेही प्रयाण झाले. हा दुसरा वियोग. ज्यांनी साक्षात दर्शन, संभाषण, सेवा अनुभवली, त्यांच्याजवळ आता काय उरले? स्वामी जेथे बसले, विहरले ती स्थाने उरली. श्रीकरांचा स्पर्श झालेला प्रसाद उरला. भिक्षुक उरले, वासनिक उरले. आणि नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण उरले. जे गेले त्याच्या तुलनेत हे किती अल्प! तरीही स्थान, प्रसाद, भिक्षुक, वासनिक ही चार साधने मानून त्यांच्याच आधारे मार्ग उभा राहिला. आज ओट्यापुढे दंडवत घालणारा साधक त्या उरलेल्यावरच जगतो, हे त्याच्या ध्यानी फारसे येत नाही.

सराळ्याचे म्हाइंभट मोठे विद्वान. स्वामींच्या लीळा आठवणाऱ्यांबरोबरच लोपतील, ही चिंता त्यांना लागली. मग ज्या कोणाजवळ जी आठवण होती ती त्यांनी जाऊन विचारली, पारखली आणि रिद्धपुरास वाजेश्वरी येथे बसून ग्रंथबद्ध केली. इ. स. १२७८ च्या सुमाराचा हा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. एकाला सगळे आठवत नव्हते. कोणाजवळ एक प्रसंग, कोणाजवळ एखादे वचन. म्हाइंभट पूर्ण साक्षी मिळण्याची वाट पाहत बसले असते तर मार्गाच्या हाती काय आले असते? परंपरा तर याहून कठीण प्रसंग सांगते. खालशाच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली. पोथी गेली, उरले ते कंठातले. हिराइसेसारख्यांच्या पाठावरून ते चरित्र पुन्हा सिद्ध झाले. आठवणींत भेद पडला तेथे तो भेदही 'वासना' म्हणून नोंदून ठेवला. मिळाले तेवढे प्रामाणिकपणे जतन केले आणि नाही त्याची कल्पनेने भर घातली नाही. (विद्वत्तेचा अभिमान बाळगणाऱ्या कित्येकांना हा संयम आजही साधत नाही.)

येथे एक शंका येते. आहे त्यात समाधान मानावे, तर जीवाने देवताफळातही समाधान का मानू नये? सुखच हवे असेल तर स्वर्गाचे सुख काय वाईट? या शंकेतच विषयाचा गाभा आहे. देवताफळ अनित्य आहे. भोग सरला की जीव पुन्हा कर्मरहाटीत पडतो. म्हणून परमेश्वराविषयीची आर्ती कधीही शमू देऊ नये. संतोष साधनापुरता, साध्यापुरता नव्हे. संसारी पुरुषाचे नेमके उलट होते. साध्याविषयी तो सहज तृप्त असतो, कारण परमेश्वराची त्याला फारशी तहानच नसते. साधनाविषयी मात्र अखंड असंतुष्ट. स्थान दूर आहे, वेळ अपुरा आहे, बुद्धी मंद आहे, घरचे अनुकूल नाहीत, अशा तक्रारींत त्याचे आयुष्य सरते. या तक्रारी खोट्या असतात असे नाही. मंद बुद्धी मंदच असते, कर्जही खरे असते. पण त्या खऱ्या असल्यामुळे नामस्मरण अडते, हे मात्र खरे नव्हे.

भिक्षेचा आचार हाच धडा दररोज देतो. चार घरचे अन्न एका झोळीत येते. त्यात शिळे असते, ताजे असते, आंबट, अळणी, कधी केवळ कोरडा तुकडा. भिक्षुकाने त्यात निवड करू नये आणि चांगल्या घराच्या ओढीने वाट बदलू नये. जिभेने मागितले ते झोळीत नसते; देहरक्षणास लागते तेवढे असते. ते घेऊन तो उठतो आणि स्मरणास लागतो. गृहस्थाच्या झोळीतही असेच मिश्रण पडलेले असते: आजारी आई, अर्धा एकर कोरडवाहू, पहाटेचा एक मोकळा घटका, लहानपणी कानावर पडलेल्या दोन लीळा. त्या दोन लीळा रोज आठवल्या तर त्याच्यापाशी किती आहे, हे त्याचे त्यालाच कळू लागते.

भटोबासांनी शास्त्र मराठीतच राहावे असा आग्रह धरला, तो संस्कृत न जाणणाऱ्या म्हाताऱ्या बायांकरिता. त्या बायांजवळ व्याकरण नव्हते. घरची बोली होती, आणि त्याच बोलीत त्यांनी परमेश्वराचे चरित्र ऐकले, पाठ केले, पुढच्यांच्या हाती दिले.