दुःखाभोवतीचे वादक

ग्रेस यांच्या एखाद्या कवितेचा अर्थ चार वाक्यांत सांगा म्हटलं, तर मराठीचे मुरलेले प्राध्यापकही दमतात. 'संध्याकाळच्या कविता' हा संग्रह १९६७ मध्ये आला, तेव्हापासून दुर्बोधतेचा शिक्का त्यांच्यावर बसला आणि २०१२ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं तोवर तो पुसला गेला नाही. पण याच कवीची एक कविता दूरदर्शनच्या 'महाश्वेता' मालिकेचं शीर्षकगीत झाली. लता मंगेशकरांचा आवाज, हृदयनाथांची चाल. ज्या घरांत कवितेचं पुस्तक कधी विकत आणलं गेलं नव्हतं, त्या घरांतही ते गाणं गुणगुणलं जाऊ लागलं. १९८९ च्या 'निवडुंग'मध्ये ग्रेस, सुरेश भट आणि आरती प्रभू असे तीन कवी हृदयनाथांच्या चालींत एकत्र आले. चित्रपटाची गोष्ट आज फारशी कुणाला सांगता येत नाही. गाणी मात्र पाठ आहेत. शब्दांचा अर्थ नीट लागत नाही आणि तरीही आपल्याच घरातलं कुणीतरी बोलतंय असं वाटतं, हे काय गौडबंगाल आहे, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे.

उदास गाण्यांकडे माणूस आपल्या पायांनी चालत जातो. दिवसभराच्या कटकटी कमी नसतात, तरी रात्री दिवा मालवून तो मुद्दाम अशीच गाणी लावतो. त्यातही नुसत्या गिटारवर किंवा पेटीवर म्हटलेल्यांपेक्षा ज्यांच्या मागे व्हायोलिनं, चेलो, बासरी, सतार असा भरला मेळ आहे, अशी गाणी त्याला जास्त जवळची वाटतात. 'रडकी गाणी' म्हणून त्यांची हेटाळणी करणारे पुष्कळ आहेत. मला ती हेटाळणी अन्यायाची वाटते.

करुण रसातून आनंद कसा मिळतो, यावर मराठीत भरपूर वाद झाला आहे. १९२१ मध्ये बडोद्याच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. 'केसरी'च्या संपादकाने, राजकारणाच्या ऐन धामधुमीत, वाचकाच्या आनंदाबद्दल बोलावं याचंच मला कौतुक वाटतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की साहित्य वाचताना आपण दुसऱ्याच्या जिवात शिरतो, पण स्वतःचं भान सोडत नाही. वनवासातल्या सीतेचं दुःख आपण भोगतो आणि त्याच वेळी आपल्या खुर्चीत सुखरूपही असतो. या दुहेरी असण्यातून आनंद येतो. पुढे या सिद्धांतावर टीका खूप झाली. काही बरोबरही होती. तरी मला केळकरांचं म्हणणं अजून उपयोगी वाटतं. फक्त गाण्याच्या बाबतीत ते अपुरं पडतं. वाचक आणि पुस्तक असे दोघेच तिथे आहेत. गाण्यात तिसरा कुणीतरी असतो.

तो तिसरा ओळखायला मला भवभूतीची मदत झाली. हा नाटककार विदर्भातल्या पद्मपूरचा, म्हणजे आपलाच. 'उत्तररामचरिता'च्या तिसऱ्या अंकात राम बारा वर्षांनी पंचवटीत येतो, जुन्या जागा पाहून कोसळतो, मूर्च्छित होतो. सीता तिथेच आहे, पण गंगेच्या वरामुळे कुणाला दिसत नाही. ती पुढे होते, त्याला हाताने स्पर्श करते आणि तो शुद्धीवर येतो. स्पर्श त्याला ओळखीचा वाटतो. समोर माणूस नाही. करुण हाच एक मूळ रस आणि बाकीचे त्याचेच आकार, हा भवभूतीचा प्रसिद्ध विचार याच अंकात येतो. गाणारा एकटा आपलं दुःख सांगत असतो तेव्हा त्याच्या मागून येणारी तारवाद्यं मला या अदृश्य सीतेसारखी वाटतात. ती दुःख कमी करत नाहीत, उपदेश करत नाहीत, फक्त हात लावतात.

म्हणजे उदास गाण्याची ओढ ही दुःखाची ओढ नाही. दुःखाभोवती जी माणसं जमली आहेत त्यांची ती ओढ आहे. दहा-बारा वादक, त्यांच्यासाठी रात्र जागून स्वरलेखन करणारा एक संयोजक, ध्वनिमुद्रक, हे सगळे एका एकट्या आवाजासाठी राबलेले असतात. ऐकणाऱ्याला त्यांची नावं ठाऊक नसतात, पण राबणं ऐकू येतं.

इंग्लंडमधलं एक उदाहरण सांगतो, कारण ते फार नेमकं आहे. निक ड्रेक नावाचा केंब्रिजचा विद्यार्थी १९६९ मध्ये 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' हा आपला पहिला अल्बम घेऊन आला. ठरलेल्या संयोजकाचं काम त्याला पटेना, तेव्हा त्याने आपल्या विद्यापीठातल्याच रॉबर्ट कर्बी या मित्राचं नाव पुढे केलं. कर्बीला स्टुडिओचा अनुभव नव्हता. त्याने केलेल्या एका गाण्यात ड्रेकची गिटारसुद्धा नाही; फक्त आवाज आणि तारवाद्यं. 'रिव्हर मॅन' हे दुसरं गाणं हॅरी रॉबिन्सन यांनी संयोजित केलं. ते पाच मात्रांचं आहे. आपल्याकडे झपताल ऐकलेल्या कानाला पाच-दहाचा हिशेब परका नाही, पण पाश्चात्त्य लोकप्रिय गाण्यात चारची सवय इतकी पक्की, की ही पाचवी मात्रा पाण्यावर तरंगत ठेवते. ड्रेक गिटार घेऊन मध्ये बसला, वादक त्याच्या भोवती, आणि गाणं एकत्रच मुद्रित झालं. हे सांगितलं नाही तरी ऐकताना कळतं. त्याच्या हयातीत त्याचे अल्बम अगदी थोडे खपले. १९७४ मध्ये वयाच्या सव्विसाव्या वर्षी तो गेला. आज जगभरात उदास, भरल्या वाद्यमेळाचे जे स्वतंत्र अल्बम निघतात, त्यांतल्या अनेकांची मुळं या माणसापाशी पोचतात.

तारवाद्यं म्हणजे लांबलचक हुंदके, असाही एक समज आहे. बीटल्सचं 'एलिनॉर रिग्बी' १९६६ चं. एकाकी म्हाताऱ्या माणसांचं गाणं, पण जॉर्ज मार्टिन यांनी चार व्हायोलिनं, दोन व्हायोला आणि दोन चेलो यांना लांब गज ओढूच दिला नाही. तुटक, टोचणारे आघात. मायक्रोफोनही तारांच्या इतके जवळ लावले, की गजाच्या केसांचं तारेवरचं खरखरीत घासणं ऐकू येतं. चारही बीटल्सपैकी कुणीच त्यात वाद्य वाजवलेलं नाही. दुःख रडून दाखवावं लागत नाही, हे या आठ वादकांनी जेवढं स्पष्ट सांगितलं तेवढं कुठल्या समीक्षकाने सांगितलं नसेल.

आपल्याकडची कथा थोडी वेगळी आहे. १९३२ मध्ये गो. ना. जोशींनी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ध्वनिमुद्रित केली आणि मराठी भावगीताचं पर्व सुरू झालं असं मानतात. त्या काळच्या तबकडीवर वाद्यं मोजकीच. कवितेला स्वराचा आधार मिळावा एवढीच त्यांची कामगिरी. पुढे १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमा आणि सुधीर फडके यांनी वर्षाहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला एक अशी छप्पन्न गाणी दिली. एकाच कथेत ओवलेली, क्रमाने ऐकायची गाणी, म्हणजे आजच्या भाषेत तो एक प्रचंड अल्बमच होता. आणि त्यातली सर्वांत खोल गाणी विजयाची नाहीत. रामाने भरताला माणसाच्या पराधीनतेबद्दल सांगितलं, ते गाणं लोकांनी सत्तर वर्षं जपलं आहे.

याच गाण्यांच्या साथीला प्रभाकर जोग होते. त्यांचं 'गाणारं व्हायोलिन' पुण्यातल्या किती घरांत वाजलं असेल! बिनशब्दांचं भावगीत, तरी शब्द ऐकू यायचे. कान देऊन ऐकलं की त्याची युक्ती कळते. अक्षर बदललं की गजाची दिशा बदलते. स्वर लांबला की तो त्याच गजात राहतो आणि बोट तारेवरून न उचलता पुढच्या सुराकडे घसरतं. कण, मींड, श्वास घ्यायची जागा, सगळं गायकाच्या गळ्यातून उचललेलं. व्हायोलिनला पडदे नसतात म्हणूनच हे जमतं. पेटीला दोन सुरांमधली वाट चालता येत नाही, आणि आपलं सगळं दुःख त्या मधल्या वाटेवर असतं. जोग २०२१ मध्ये गेले. ते स्वतः संगीतकार होते, पण माझ्या मते त्यांचं मोठं काम हे, की साथ करणाऱ्या वाद्याला त्यांनी माणसाची भाषा शिकवली.

दुसरी मोठी देणगी गोव्याची. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवलं जाई. मांडो या गीतप्रकारात विरहाची जी संथ कळा आहे, ती व्हायोलिन आणि घुमटाच्या साथीत तिथे आधीच रुजलेली होती. ही माणसं मुंबईला आली आणि चित्रपटसंगीताचा कणा झाली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर सिंफनी वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. प्रयोग फार काळ टिकला नाही. पण एकाच वेळी दोन-तीन स्वररेषा चालवायच्या, गायक थांबला की मागे कुणीतरी हळूच पुढे यायचं, हे कसब याच स्टुडिओंतून मराठी भावगीतांत आलं. श्रीनिवास खळे यांच्या चाली मुळातच अवघड वळणांच्या; अनिल मोहिले यांच्यासारखा संयोजक त्या वळणांना कठडा लावी. मोहिले स्वतः व्हायोलिनवादक होते, हे त्यांच्या कामात जाणवतं.

यात अतिरेकाचा धोका आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. हल्ली की-बोर्डवर एक बटण दाबलं की तीस व्हायोलिनं वाजतात. ध्रुवपदापासून शेवटपर्यंत त्यांचा थर पसरलेला असतो, गायकाच्या आधीच ती रडायला लागतात. खऱ्या वादकांची गोष्ट निराळी. आठ माणसं एकच सूर धरतात तेव्हा प्रत्येकाचा सूर केसभर वेगळा लागतो, गज क्षणभर मागेपुढे होतो, आणि या बारीक फरकातूनच तो मऊ, भरलेला नाद तयार होतो. यंत्र हा फरक नकलेने आणतं, पण त्याला थांबावं केव्हा हे कळत नाही. चांगला संयोजक दोन कडव्यांमध्ये जे काही मोकळं ठेवतो, त्यावरून मी त्याची पारख करतो.

पुण्यात आता काय चाललं आहे? २००३ मध्ये सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांनी 'आयुष्यावर बोलू काही' सुरू केलं आणि नाट्यगृहं भरू लागली. मुलीला वेळ न देऊ शकणाऱ्या बापाचं गाणं सुरू झालं की प्रेक्षागृहात पुरुष उघड उघड डोळे पुसत. त्या रंगमंचावर वाद्यं थोडीच, पण शेकडो माणसं एकत्र गप्प बसलेली, तोच तिथला वाद्यमेळ. २०१० पासून 'एनएच ७ वीकेंडर' महोत्सव पुण्यात सुरू झाला आणि स्वतःची गाणी स्वतः लिहिणाऱ्या तरुण मंडळींना मोठा श्रोता मिळाला. त्यातलाच पुण्याचा एक समूह 'ईझी वाँडरलिंग्ज'. २०१७ मध्ये त्यांचा 'अॅज रिटन इन द स्टार्स' हा अल्बम आला. गाणी इंग्रजी, स्त्री आणि पुरुष असे दोन आवाज, मागे व्हायोलिन, बासरी, की-बोर्ड. कुठेही घाई नाही, कुठेही आक्रोश नाही. ही उसनी उदासी आहे, असं आमच्या पिढीतले लोक म्हणतात. मला ते पटत नाही. हिंजवडी-खराडीच्या भाड्याच्या खोल्यांत हजारो मुलं आपल्या गावापासून, आपल्या भाषेपासून लांब राहतात. त्यांचं एकटेपण उसनं नाही. त्यांनी त्यासाठी इंग्रजी निवडली, आम्ही ग्रेस निवडले. दोन्हीकडे शब्द पुरते कळत नाहीत आणि दोन्हीकडे मागून कुणीतरी व्हायोलिन धरलेलं आहे. मराठीत गाणाऱ्या तरुण समूहांनी मात्र हा भरला वाद्यमेळ पुन्हा धरावा, अशी माझी तीव्र इच्छा आहे. परंपरा घरची आहे, वादकही याच शहरात आहेत.

असं दुःख अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात येत नाही. अल्बमला क्रम असतो. तिसरं गाणं दुसऱ्याच्या पाठीवर उभं असतं. कर्वे रस्त्यावरच्या अलूरकर म्युझिक हाऊसमधून आणलेली कॅसेट एका बाजूने संपली की उठून उलटावी लागे, तेवढाच मधला विराम. आज गाणं पुढे सरकवायला अंगठा पुरतो. निम्म्यावर सोडलेल्या गाण्यात ती मागची माणसं भेटायच्या आतच आपण निघून गेलेलो असतो.

आणि ती माणसं कोण, हे शोधायला गेलं की फार वाईट वाटतं. जुन्या तबकड्यांवर गायक, कवी, संगीतकार यांची नावं आहेत. संयोजकाचं क्वचित, वादकांचं जवळजवळ नाहीच. आजच्या अ‍ॅपवर तर कवीचं नावही कित्येकदा मिळत नाही. एखाद्या लाडक्या गाण्यातला चेलो कुणी वाजवला, हे आता फक्त त्या वादकांच्या घरच्यांना माहीत आहे. म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या घरात, नात्यात, शेजारात आकाशवाणीवर किंवा स्टुडिओत वाजवलेलं कुणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्यापाशी बसा. कोणत्या गाण्यात काय वाजवलं, संयोजन कुणाचं होतं, शेजारच्या खुर्चीवर कोण होतं, ते तारखेसकट लिहून घ्या. ही माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत.