सेटिंग कोणी निवडली?

आजचं चिंतन: गीता, अध्याय 18, श्लोक 14.

'मास्टर ऑफ ओरायन 2' हा 1996 चा अंतराळातला डावपेचांचा गेम. यात आपली प्रजाती आपणच घडवायची. हाताशी 10 पॉइंट. पीक जास्त हवं तर पॉइंट खर्च करा, खनिजं कमी असलेला गरीब ग्रह घेतला तर पॉइंट परत! गेम किती कठीण, तेही आपणच ठरवायचं. मग हरलो तर तक्रार कोणाकडे करणार?

आयुष्याबद्दलही आपण पटकन म्हणतो, 'ज्याचं त्याचं कर्म!' पण भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी करणाऱ्याने पाऊस निवडलेला नसतो. आणि गरीब घरात जन्मल्याचे पॉइंट इथे कोणी परत देत नाही.

भगवंत या श्लोकात कर्माची पाच कारणं सांगतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, प्रयत्न आणि दैव. कर्ता पाचांतला फक्त एक! मग जिंकणाऱ्याने गर्व कशाचा करायचा, आणि हरणाऱ्यालाच सगळा दोष का? हां, प्रयत्नही त्या पाचांत आहे, म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही.

आज कोणाला 'तुझंच चुकलं' म्हणण्याआधी स्वतःला विचारू या: याच्या वाट्याची सेटिंग याने निवडली होती का?

राम कृष्ण हरी.