ही मूर्ति कोणाची?

मत्तय २२:१५-२२

परूशी व हेरोदी यांनीं आपल्या प्रभूस कराविषयीं पेचाचा प्रश्न घातला, तेव्हां त्यानें उत्तर देण्यापूर्वीं त्यांच्याचकडून एक नाणें मागून घेतलें. तें रोमी राज्याचें रुप्याचें नाणें होतें. दीनार हें त्याचें नांव. पुष्कळ विद्वानांच्या मतें तें तिबिर्य कैसराचें असावें. त्या जातीचीं नाणीं व्यापाराच्या ओघानें दक्षिण भारतांत पुष्कळ आलीं. पैठण व तेर हीं नगरें त्या काळच्या पश्चिमेकडील व्यापाऱ्यांस ठाऊक होतीं. आणि पैठणची गोदावरीच पुढें आपल्या परभणी जिल्ह्यांतून वाहते.

तिबिर्याचें हें नाणें ओळखावें कसें? तें तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित् कमी भरतें. पुढील बाजूस पानांची माळ घातलेलें मस्तक, तोंड उजवीकडे. मागील बाजूस आसनावर बसलेली स्त्री. एका हातीं राजदंड, दुसऱ्या हातीं डहाळी. परंतु नुसत्या मस्तकावरून निर्णय करूं नये. सातवाहन राजांनींहि आपल्या मुखाचीं रुप्याचीं नाणीं पाडलीं; त्यांवर ब्राह्मी अक्षरें आहेत. रोमी नाण्यावर रोमी अक्षरें असतात, व येथें लेख असा कीं, हा कैसर दिव्य औगुस्ताचा पुत्र. मागें त्यास महायाजक म्हटलें आहे. केवढा हा दिमाख! आणि तें नाणें खऱ्या पुत्राच्या हातीं दिलें गेलें. म्हणूनच प्रभूनें दोन्ही गोष्टी विचारल्या, मूर्ति कोणाची आणि लेख कोणाचा.

आतां आमच्याच महाराष्ट्रांतील एक गोष्ट ऐका. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगळटेंभी येथें रुप्याच्या १३ हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा सांपडला. तीं क्षत्रप नहपानाचीं होतीं. त्याचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीनें त्यांपैकीं ९ हजारांहून अधिक नाण्यांवर आपला ठसा मारविला. तरी कित्येकांवर त्या ठशाखालीं नहपानाचें मुख अजून दिसतें.

कैसराची मूर्ति ज्यावर, तें कैसराकडे जावें. मग देवाची प्रतिमा ज्यावर, त्यानें कोणाकडे जावें? मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे, असें उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायांत आपण वाचतों. त्या प्रतिमेवर पापानें ठसा मारला, हें तर खरेंच. पण शेजाऱ्यानेंहि मारला. दसऱ्यानंतर उचल घेऊन ऊसतोडीस जाणाऱ्या नवराबायकोस मुकादम ‘एक कोयता’ म्हणून मोजतो. दोन जीव, आणि हिशेबांत एक हत्यार! १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनें अस्पृश्यता नाहींशी ठरविली. परंतु आमच्या मंडळ्यांतदेखील सोयरीक निघाली कीं ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न अगोदर येतो. बाहेरच्यांस दोष देणें सोपें आहे. बाप्तिस्मा झालेल्या कुटुंबावर तोच जुना ठसा पुन्हां मारणारा हात आमचा असेल, तर प्रभूपुढें आम्हीं काय सांगावें?

उन्हाळ्याच्या तोंडीं ऊसतोडीचीं कुटुंबें परत येतील व उपासनेस बसतील. त्यांस दाराशीं बसूं देऊं नये; पुढें बोलवावें, आणि दोघांचींहि नांवें विचारावीं. सोयरीक पाहावयाची असेल, तर मुलगा व्यसनी आहे कीं उद्योगी, घरीं प्रार्थना होते कीं नाहीं, हें विचारावें.