न वापरलेल्या रायफलीची किंमत

विंचेस्टर कंपनीची १८७३ मॉडेलची रायफल हे अमेरिकी संग्राहकांचं जुनं वेड आहे. ती सात लाखांहून जास्त बनली, त्यामुळे ती सापडणं कठीण नाही. कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली सापडणं मात्र फार कठीण. अशी एखादी समोर आली, की तिला त्याच वर्षीच्या झिजलेल्या रायफलीच्या कितीतरी पट किंमत मिळते. कुणी हौसेनं पुन्हा चकचकीत करून घेतलेली रायफल मात्र अनेकदा त्या झिजलेलीपेक्षाही मागे पडते. दिसायला ती देखणी असते, तरी जाणकार तिच्यापाशी रेंगाळत नाहीत.

हे श्रीमंतांचे चोचले म्हणून सोडून देता येईल. मला मात्र यात एक खरा प्रश्न दिसतो: वस्तू कोरी राहिली, यात कौतुक नेमकं कशाचं?

आधी पारख कशी होते ते पाहू. जुन्या रायफलीच्या पोलादावरचा निळसर-काळा थर म्हणजे ब्लूइंग. तो रंग नसतो. मुद्दाम आणलेला आणि ताब्यात ठेवलेला गंजाचाच एक प्रकार असतो. जिथे रोज हात लागतो, खोगीर घासतं, तिथून तो आधी उडतो. तो पुन्हा चढवता येतो, पण त्याआधी धातू घासावा लागतो. त्या घासण्यात नळीवर ठोकलेली अक्षरं उथळ होतात, कोपऱ्यांची धार जाते, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. म्हणून जाणकार आधी या कडा बघतो. शिवाय वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या जुन्या नोंदवह्या आहेत. रायफलीच्या क्रमांकावरून, नोंद असेल तर, ती मूळ कशी होती हे तिथे ताडून बघता येतं.

आता नव्यानं केलेलं ब्लूइंग समजा कारखान्यापेक्षाही सरस असेल, तर किंमत का पडावी? माझं उत्तर असं: त्या घासण्यात रायफलीची साक्ष पुसली जाते. कुणी कुठे धरली, किती वापरली, कशी जपली, हे सगळं त्या थरात होतं. मालकानं ‘पुन्हा ब्लूइंग केलंय’ असं स्वच्छ सांगितलं, तर ती साधी दुरुस्ती ठरते. न सांगता मूळची म्हणून विकली, तर ती फसवणूक. पैसे दोन्हीकडे कमी होतात, पण पाप दुसऱ्यातच आहे.

इथपर्यंत मी संग्राहकांच्या बाजूचा आहे. पुढे मात्र अडखळतो. २०२३ साली पहिल्या पिढीचा, २००७चा एक सीलबंद आयफोन १ लाख ९० हजार डॉलरहून जास्त बोलीला गेला. त्या फोनवरून कुणी कुणाला एक हाक मारली नव्हती, हेच त्याचं मोल. रायफलीचंही तसंच. फरक एवढाच, की रायफल वापरली गेली नाही हे ऐकून बरं वाटतं. निदान हिनं कुणाचा जीव घेतला नाही, असं मनात येतं. पण हा दिलासा खोटा आहे. कोरी रायफल अहिंसक नसते, ती फक्त कपाटात राहिलेली असते. आणि झिजलेली रायफल खुनाची होती की भुकेल्या घरात शिकार आणणारी, हे झीज सांगत नाही. ‘पश्चिम जिंकणारी बंदूक’ अशी या मॉडेलची जाहिरात झाली. ज्यांच्याकडून ती भूमी जिंकली, त्यांची बाजू कुठल्याच थरात उमटलेली नाही.

म्हणजे कोरेपणा हा पुरावा आहे, गुण नव्हे. आपण हे दोन्ही सारखे एक करतो. वस्तूंच्या बाबतीत करतो आणि माणसांच्याही. ज्याच्यावर डाग नाही तो चांगला, असं धरून चालतो. त्याला कधी कसोटीला उतरावं लागलं का, हे विचारत नाही.

२०१४ साली नेवाडातल्या ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानात जुनिपरच्या झाडाला टेकून ठेवलेली एक विंचेस्टर सापडली. १८८२ साली कारखान्यातून निघालेली. नळी गंजलेली, लाकूड भेगाळून करडं पडलेलं, दस्त्याचं टोक मातीत रुतलेलं. मूळ चकाकीचा मागमूस नव्हता. ती कुणी ठेवली आणि परत का आला नाही, कळलेलं नाही. कोडीच्या संग्रहालयानं तिचं सुटत चाललेलं लाकूड फक्त थोपवलं. नवी करायचा मोह टाळला. क्ष-किरणांनी पाहिलं तेव्हा दस्त्यात एक काडतूस निघालं.

बाजाराच्या कोष्टकात ही रायफल तळाला जाईल. तरी पारखीचा खरा नियम मला तिच्यातच दिसतो: जे घडलं ते पुसू नका. चकाकी त्या नियमाचं एक फळ आहे. तो गंज दुसरं.