पॅरा, मेटा आणि वगळलेला धडा

एनसीईआरटीने २०२२ साली बारावीच्या केमिस्ट्रीतून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री आणि पॉलिमर्स हे धडे काढून टाकले, तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. वाद पेटला तो दहावीच्या उत्क्रांतीवरून आणि आवर्तसारणीवरून. पुढे २०२४च्या नीट आणि जेईई मेनमधूनही हे धडे गेले. क्लासवाल्यांचा सवाल सरळ आहे: जे परीक्षेला नाही, त्यात मुलांचा वेळ का घालवायचा?

या सवालाला उत्तर दिलंच पाहिजे, कारण आज अकरावी-बारावीचं ऑरगॅनिक याच सवालावर चाललं आहे. नेम रिअ‍ॅक्शन पाठ, कन्व्हर्जन पाठ. कोणता गट ऑर्थो-पॅरा आणि कोणता मेटा, हे मुलं झोपेतही सांगतात. पण पॅराच्या जागी मेटा आलं तर जगात काय बदलतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

स्टेफनी क्वोलेक या ड्यूपाँट कंपनीत काम करणाऱ्या रसायनशास्त्रज्ञ. बेंझीनच्या कड्यावर समोरासमोर, म्हणजे पॅरा जागी, अमाइड बंध असलेल्या लांब साखळ्यांवर १९६५ साली त्या काम करत होत्या. त्यांचं द्रावण पातळ आणि गढूळ निघालं. धागा कातणाऱ्या यंत्राची भोकं तुंबतील म्हणून ते कातायला सहकारी आधी तयार नव्हता. क्वोलेक हटल्या नाहीत. त्या द्रावणातून निघालेल्या धाग्याचा पुढे केव्हलार झाला: वजनाला वजन धरलं तर पोलादाच्या पाचपट मजबूत. पॅरा जोडणीमुळे साखळी सरळ राहते, सरळ साखळ्या शेजारी शेजारी नीट बसतात आणि एकीचा एनएच दुसरीच्या कार्बोनिलला हायड्रोजन बंधाने धरतो. तेच अणू मेटा जागी, म्हणजे मध्ये एक जागा सोडून, जोडले की साखळी वाकडीतिकडी होते आणि नोमेक्स मिळतो. तो गोळी अडवत नाही; अग्निशामक जवानाचा पोशाख त्याचा होतो. ऑरगॅनिक आणि मटेरियल सायन्स यांच्यामधली भिंत इथे उरतच नाही.

याच क्वोलेकनी पॉल मॉर्गन यांच्यासोबत १९५९ साली शिक्षकांसाठी एक प्रयोग लिहिला. बीकरमध्ये खाली हेक्झामिथिलीन डायअमाइनचं अल्कली घातलेलं पाणी आणि वर हेक्झेनमध्ये विरघळवलेलं सेबॅकॉइल क्लोराइड, असाही तो वर्गात करतात. दोन थर भेटतात तिथे पांढुरका पापुद्रा धरतो. चिमट्याने तो वर ओढला की नायलॉनचा दोर निघतच राहतो. अमाइन आणि अ‍ॅसिड क्लोराइडपासून अमाइड होतो, ही अभिक्रिया बारावीच्या वहीत असतेच. इथे ती हाताला लागते. धडे वगळताना एक निकष असा होता की, मुलं जे स्वतःचं स्वतः शिकू शकतात ते काढावं. हा दोर घरी एकट्याने कसा ओढायचा? त्याला प्रयोगशाळा लागते आणि शेजारी शिक्षक लागतो.

तरीही ‘पॉलिमर्सचा धडा परत आणा’ ही मागणी मला पुरेशी वाटत नाही. मोनोमरचं नाव, पॉलिमरचं नाव, उपयोग असा तक्ता पाठ करण्यापुरताच तो उरला होता. आपल्या राज्य मंडळाच्या २०२०च्या पुस्तकात पॉलिमर्स आहे, पण शेवटून दुसरा. टोकाला टांगलेला धडा तोडणं नेहमीच सोपं असतं. म्हणून पॉलिमर मूळ धड्यांतच मुरवला पाहिजे. अमाइडसोबत नायलॉन आणि केव्हलार, एस्टरसोबत पॉलिएस्टर, अल्कीनसोबत फांद्यांचं आणि बिनफांद्यांचं पॉलिथिन. महाराष्ट्राने २०१८ साली प्लास्टिकबंदी आणली; मग कोणतं प्लास्टिक पुन्हा वापरता येतं, हेही इथल्या मुलांना कळायला हवं. दुधाची पिशवी वितळवून पुन्हा वापरता येते आणि बेकेलाइटचा स्विच का येत नाही, याचं उत्तर साखळ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या क्रॉस-लिंकमध्ये आहे. ते फिनॉल शिकवतानाच सांगता येतं. वेळ कुठून आणायचा? पाठांतराची दहा कन्व्हर्जन कमी करा, वेळ निघतो.

खरी चावी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या हातात आहे. केव्हलार आणि नोमेक्स यांच्या रचना द्याव्यात आणि विचारावं: गोळीरोधक जॅकेट कशाचं कराल, आणि का? असे प्रश्न येऊ लागले की क्लासवालेही हे शिकवतील, आणि माझं त्यांच्याशी भांडण उरणार नाही.